रात्रपाळीचं देणं

अ‍ॅबरिस्टविथहून पाकीट आलं, जाड, गुळगुळीत.
आत समुद्र, टेकडी, हसणारी मुलं
आणि एक फॉर्म : पालकहो, विद्यापीठाला आपणही काही परत द्याल का?

"परत?" मोरेश्वर म्हणाले. चष्मा कपाळावर.
वुल्व्हरहॅम्प्टनच्या बस डेपोत एकतीस वर्षं
इंजिनांत हात घालून राहिलेला माणूस.
कपाटातून वही निघाली.
फी. खोलीचं भाडं. हिमनदीवर चालायचे बूट, एकशे चाळीस पौंड.
"सगळं चुकतं केलंय. पै न् पै.
आपण कुणाचं काही देणं लागत नाही."

मी भांडी घासत होते. नळ बंद केला.
म्हटलं, एक राहिलंय.

दुसऱ्या वर्षाचा नोव्हेंबर. शर्वाणीचा फोन
आधी बंद, मग नुसताच वाजणारा.
सहाव्या रात्री दीड वाजता
मी वसतिगृहाच्या चौकीचा नंबर फिरवला.
म्हातारा आवाज, वेल्श,
प्रत्येक वाक्य चढावर नेऊन सोडणारा.
म्हणाला, बाई, नियम आहे,
मुलांबद्दल मला काही सांगता येत नाही.
मी बोलले नाही. तोही नाही.
मधे समुद्र घोंघावत होता,
किंवा त्याचा हीटर.
मग म्हणाला, इमारतीबद्दल मात्र सांगू शकतो.
थांबा हं.
खुर्ची सरकली. दार. बराच वेळ वारा.
तिसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी :
दिवा आहे. आत्ता पडदा हलला.

मग रोज रात्री इमारतीची खुशाली.
आज दिवा लवकर गेला, ते बरं.
आज जिन्यात ओल्या बुटांचे ठसे,
कुणीतरी बाहेर जाऊन आलंय.
आणि बाराव्या रात्री, हसू दाबत :
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी टोस्ट जाळला,
घंटा झाली, सगळी इमारत अंथरुणातून उठून
पावसात शिव्या देत उभी.
"कुणीतरी," तो म्हणाला. "नाव नाही सांगू शकत."
मी फोन ठेवला, आणि त्या जळक्या पावासाठी
देवापुढे साखर ठेवली.

ह्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.
तेव्हा ह्यांचीही रात्रपाळी होती.
पेन उचललं, नुसतंच धरून बसले.

आम्ही गेलो. मखन्लेथला गाडीचे दोन तुकडे झाले,
आम्ही चुकीच्या तुकड्यात;
डब्याचा डबा सांभाळत फलाटावरून धावलो.
चौकी होती. आत माणूस नव्हता.
काचेवर नंबर, कुठल्याशा दूरच्या शहरातला :
एक दाबा, दोन दाबा.
म्हाताऱ्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं.
त्यानेही कधी सांगितलं नाही, तोही नियमच असेल.

देणगीच्या कचेरीतली मुलगी नम्र, केसांत पेन्सिल.
ग्रंथालय? शिष्यवृत्ती?
बाकावर तुमच्या नावाची पट्टी?
हे म्हणाले, रात्रीचा माणूस.
असा फंड नव्हता. तिने हिशेब केला, पुन्हा केला,
ओशाळून म्हणाली, एवढ्यात नऊ रात्री होतील.
आणि वर चार तास.
"चालेल. पण नोव्हेंबरातल्या."

घरी येऊन वहीत आकडा लिहिला,
डाव्या रकान्यात एकच शब्द : देणं.
दिलेलं की राहिलेलं, ते विचारलं नाही मी.
खाली रेघ मात्र त्यांनी मारली नाही.

शर्वाणी आता ट्रॉम्सोला बर्फ मोजते.
फोनवर म्हणाली, "कसला टोस्ट, आई?"

परवा मला जाग आली. दीड.
जुनाच नंबर फिरवला.
कोवळा आवाज, झोपेला कोपराने ढकलत : बोला?
म्हटलं, काही नाही. इमारत कशी आहे?
तो गोंधळला. कागद चाळल्यासारखं काहीतरी.
मग म्हणाला, थांबा हं,
आणि खुर्ची सरकली.